लिफ्टला बटण नसलेला मजला

(लॉबीतून : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त फ्रंट ऑफिसवाल्याची उत्तरं)

मागच्या अंकात एस्टोनियाच्या तालिन शहरातल्या हॉटेल विरूचा मी जाता जाता उल्लेख केला होता : वरच्या मजल्यावर केजीबीची, म्हणजे सोव्हिएत गुप्तचर खात्याची, खोली होती, आता तिकीट काढून बघता येते. एवढंच. त्यावर जी पत्रं आली, तेवढी 'हॉटेलातल्या चादरी पांढऱ्याच का' या लेखालाही आली नव्हती. म्हणून या वेळची सगळी जागा हेरांच्या हॉटेलांना. चेक-आउटची वेळ आणि बुडालेलं अ‍ॅडव्हान्स याबद्दल ज्यांनी विचारलंय, त्यांनी कृपया एक अंक कळ काढावी.

प्रश्न : विरू हॉटेलात नेमकं काय चालायचं? तुम्ही अर्ध्यावर सोडून दिलंत. सविस्तर लिहा. (निवृत्त शिक्षिका, चिपळूण)

बाई, आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. फिनलंडचं आखात. उत्तरेच्या काठावर हेलसिंकी, दक्षिणेच्या काठावर तालिन, मध्ये साधारण ८० किलोमीटर पाणी. माझी मुलगी हेलसिंकीला नोकरीला आहे. तिच्याकडे गेलो असताना सकाळच्या बोटीने तालिनला गेलो आणि रात्री जेवायला घरी परतलो. दोन तासांचा प्रवास, पनवेलला जाऊन यावं इतका सोपा. महायुद्धानंतर वीस वर्षं मात्र तो जवळपास बंद होता. फिनलंड स्वतंत्र राहिला आणि एस्टोनिया सोव्हिएत संघाने घशात घातला. १९६५ मध्ये बोट पुन्हा सुरू झाली आणि फिनिश माणसं लोटली. दोन्ही भाषा एकमेकींच्या नात्यातल्या, त्यामुळे आपुलकी होतीच. पण बऱ्याच जणांची आपुलकी तिकडच्या स्वस्त व्होडकेशी होती.

सोव्हिएत सरकारला हे पाहुणे हवे होते, कारण त्यांच्या खिशात परकीय चलन होतं. आणि तेच पाहुणे नकोही होते. ते बोलणार, बघणार, नायलॉनचे मोजे, जीन्स आणि च्युइंगगम आणून विकणार, कुणाकुणाच्या घरी जाणार. यावर सरकारने काढलेला तोडगा असा, की सगळ्यांना एकाच छपराखाली उतरवायचं. परदेशी पर्यटकांचा सगळा कारभार इन्टूरिस्ट या सरकारी संस्थेकडे असायचा. तिच्यासाठी विरू बांधलं गेलं आणि १९७२ मध्ये उघडलं. बांधकाम फिनिश कंत्राटदाराचं होतं, आणि त्या कामात त्या कंपनीचं दिवाळं निघालं. ठेंगण्या, जुन्या तालिनमध्ये ही पहिली गगनचुंबी इमारत. खाली रेस्टॉरंट, डॉलर-मार्क घेणारा बार, नाचगाण्याचा कार्यक्रम, सॉना. दारावर दरवान. स्थानिक माणसाने आत पाऊल टाकायचं तर दरवानाचा हात ओला करायचा किंवा आतल्या कुणाची ओळख काढायची.

कागदोपत्री मजले बावीस. लिफ्टची बटणंही बावीसच. त्याच्यावर जिना होता, आणि जिन्याच्या टोकाला एक दार. दारावर पाटी : 'इथे काही नाही.'

ही पाटी मी स्वतः पाहिली आणि मोठ्याने हसलो. हॉटेलात 'स्टाफ ओन्ली' लिहिलं की एकही पाहुणा तिकडे फिरकत नाही. 'इथे काही नाही' असं लिहिण्याची बुद्धी फक्त सरकारी खात्यालाच सुचू शकते.

आत केजीबीचं रेडिओ केंद्र. गच्चीवरच्या अँटेना पार हेलसिंकीकडचे आणि किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांचे संदेश पकडायच्या. खोली लहान, आपल्याकडच्या एखाद्या टपाल कचेरीच्या मागच्या खोलीसारखी कोंदट. डायल नसलेले टेलिफोन. डायल नाही, कारण ते एकाच ठिकाणी लागायचे. १९९१ मध्ये एस्टोनिया स्वतंत्र व्हायच्या वेळी ही मंडळी घाईघाईत निघून गेली. जाताना यंत्रांची बटणं उपटली, जमेल तेवढं मोडलं, पण ॲशट्रे रिकामा करायचं राहिलं. थोटकं अजून तिथेच आहेत. माझ्या हाताखालच्या हाऊसकीपिंगच्या पोराने अशी खोली सोडली असती तर त्याला दोन शब्द ऐकवले असते.

आता मायक्रोफोन. साठ खोल्यांमध्ये ऐकण्याची सोय होती : भिंतीत, टेलिफोनमध्ये, कुंडीत. सॉनामध्येही होती, कारण फिनिश व्यापारी सौदे तिथेच करतात. रेस्टॉरंटमध्ये जड बुडाचे ॲशट्रे आणि पावाच्या बशा होत्या, त्यांच्या बुडात यंत्र. तालिनमध्ये तेव्हा विनोद चालायचा, की विरू मायक्रो-काँक्रीटचं आहे : निम्मं काँक्रीट, निम्मे मायक्रोफोन.

पाहणाऱ्यांचं सगळं लक्ष या ॲशट्रेकडे जातं. माझं गेलं त्या साठ खोल्यांकडे. चारशेहून अधिक खोल्यांमधल्या फक्त साठ. मग नेमका हवा तो पाहुणा त्या साठांमध्येच जातो कसा? स्वीडनहून आलेला पत्रकार शेजारच्या साध्या खोलीत गेला, तर भिंतीतलं सगळं यंत्र फुकट. म्हणजे खरं काम भिंतीत नाही, रिसेप्शनवर आहे. आमच्या काळी काउंटरच्या मागे रूम रॅक असायचा. प्रत्येक खोलीचा एक खाचा, त्यात पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी. उद्याच्या अरायव्हलची यादी आदल्या संध्याकाळी हातात यायची आणि कोणाला कुठली खोली हे एक माणूस बसून ठरवायचा. हनिमूनवाल्यांना समुद्राची बाजू, म्हाताऱ्यांना लिफ्टजवळ, तक्रारखोरांना मॅनेजरच्या केबिनपासून लांब. विरूतही कुणीतरी असाच बसून यादी लावत असणार. फरक इतकाच, की यादी त्याच्या आधी आणखी कोणीतरी वाचलेली असायची.

आणि कोण हवं असायचं त्यांना? अमेरिकन गुप्तहेर क्वचितच. १९४४ मध्ये लाल सेना परत येतेय म्हटल्यावर हजारो एस्टोनियन लोक होड्यांतून स्वीडनला पळाले होते. पंचवीस-तीस वर्षांनी त्यांच्यातले काही पर्यटक म्हणून मायदेशी यायला लागले. नातेवाइकांच्या घरी मुक्काम करायची मुभा नाही. शहराबाहेर जायचं तर परवानगी. गाव तासाभराच्या अंतरावर असलं तरी उतरायचं इन्टूरिस्टच्याच हॉटेलात. मग भेट कुठे? हॉटेलात. तीस वर्षांनी भेटणाऱ्या बहिणी एकमेकींना काय सांगतील, विचार करा. कोण वारलं, कोणाला सैबेरियात पाठवलं, कोण परत आलं, घर कोणाला दिलं, पोरगं सैन्यात कुठे आहे. केजीबीला हेच हवं होतं. त्यातून पुढे कोणावर दबाव आणता येईल, कोणाच्या हातून परदेशातल्या मंडळींची खबर काढता येईल, हे कळायचं.

बाकी तासन् तास त्यांनी जे ऐकलं असेल, ते बहुतेक झिंगलेल्या फिनिश माणसांचं गाणं असणार. ते ऐकून टाइप करणाऱ्याची मला खरंच कीव येते.

प्रश्न : खोलीत टॉयलेट पेपर नाही म्हणून पाहुणा बायकोजवळ कुरकुरला आणि दोन मिनिटांत दारावर टकटक, हातात नवा रोल, ही विरूची गोष्ट खरी का? (वाचक, इंदूर)

संग्रहालयात सांगतात, तालिनमध्येही लोक सांगतात. पाहुणा परदेशी पत्रकार होता आणि रोल घेऊन मजल्यावरची बाई आली. गोष्ट झकास आहे. मला पटत नाही.

ज्याने ऐकण्यासाठी इतका खर्च केला, तो एका रोलसाठी आपलं बिंग फोडेल? पुढचे चार दिवस तो पत्रकार खोलीत हवापाण्याशिवाय दुसरं काही बोलणार नाही. माझा तर्क साधा आहे. मजल्यावरची बाई दाराशी होती, दार पातळ होतं, तिने कानाने ऐकलं आणि रोल आणून दिला. चांगल्या फ्लोअर अटेंडंटला पाहुण्याची गरज बेल वाजायच्या आधी कळते, यावर आमच्याकडे बक्षिसं मिळायची.

अर्थात अशी गोष्ट पसरणं केजीबीच्याही फायद्याचंच. सगळ्या भिंतींना कान आहेत असं लोकांना वाटायला लागलं, की साठ खोल्यांत भागतं.

प्रश्न : मी ओझरच्या विमान कारखान्यात होतो. आम्हाला सोव्हिएत संघात प्रशिक्षणाला पाठवलं होतं. हॉटेलच्या प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर एक जाडजूड बाई टेबल टाकून बसायची. बाहेर जाताना किल्ली तिच्याकडे. आम्ही तिला 'मावशी' म्हणायचो, ती चहा द्यायची. ती हेर होती का? (वाचक, नाशिक)

तुमच्या मावशीचं हुद्द्याचं नाव देझुर्नाया. सोव्हिएत हॉटेलात ती असायचीच, प्रत्येक मजल्यावर, दिवसरात्र पाळीने. किल्ली ठेवायची, समोवारचा चहा द्यायची, इस्त्री-शिलाईचं बघायची, आणि कोण किती वाजता गेलं, किती वाजता आलं, बरोबर कोण होतं, हे वहीत लिहायची. विरूच्या संग्रहालयात तिचं टेबल मांडून ठेवलंय. बघताना मला आमच्या मजल्यांवरच्या बायकांची आठवण झाली. तेच टेबल, तसाच दिवा.

ती हेर होती का? पगार हॉटेलचाच घ्यायची. वही कोणीतरी येऊन वाचायचं. बास. तिने लपूनछपून काही केलं नाही, तुमच्या समोर बसून तुमच्याच समोर लिहिलं.

हॉटेलच्या धंद्याबाहेरच्या माणसाला एक गोष्ट लक्षात येत नाही. हॉटेलात माहिती चोरावी लागत नाही, ती तिथे आपोआप साठते. टेलिफोन ऑपरेटरला माहीत, तुम्ही कुठला नंबर मागितला आणि किती मिनिटं बोललात, कारण बिल लावायचं असतं. रूम सर्व्हिसला माहीत, एकट्या माणसाच्या खोलीत दोन कप गेले. लाँड्रीला माहीत, शर्टावर कुठल्या शहरातल्या शिंप्याचं लेबल आहे. खोली झाडणाऱ्या बाईला तर सगळंच माहीत : उशाशी कुठलं औषध, टोपलीत कुठलं फाडलेलं पत्र. ही माहिती रोज गोळा होते आणि रोज कचऱ्यात जाते, कारण कोणी एकत्र करून वाचत नाही. विरूत वाचणारे होते. आठशेच्या वर पाहुणे आणि हजाराच्या वर नोकर, असं तिथलं प्रमाण. खोलीमागे दोन नोकर! आमच्या मुंबईतल्या चांगल्या पंचतारांकित हॉटेलालाही हे परवडलं नसतं. आमचे मालक हा आकडा ऐकून खुर्चीतून पडले असते.

त्यातले सगळे केजीबीचे नव्हते. बहुतेक साधे नोकरदार, आणि नोकरी हेवा वाटावी अशी. फिनिश पाहुणा टिप म्हणून बॉलपेन, मोजे, कॉफी द्यायचा, आणि बाहेर बाजारात त्याला किंमत होती. ही नोकरी टिकवायची तर वर विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. आणि त्यांच्यावरही नजर होतीच. संग्रहालयात एक छोटी पर्स ठेवली आहे. ती मुद्दाम कुठेतरी पडलेली राहायची. नोकराने ती न उघडता जमा करायची. उघडली की आतून रंग उडायचा आणि हात-तोंड माखून निघायचं. आमच्याकडेही नव्या पोराच्या वाटेत मुद्दाम नोट टाकून बघायची पद्धत काही ठिकाणी होती. रंगाची अक्कल मात्र कोणाला सुचली नव्हती.

तेव्हा मावशीचा चहा प्यायलात याचं वाईट वाटून घेऊ नका. चहा खरा होता.

प्रश्न : गोव्यात दुसऱ्या महायुद्धात जर्मन हेर होते असं वडील सांगायचे. पोर्तुगालमध्ये अशी हेरांची हॉटेलं होती का? (वाचक, मडगाव)

होती, आणि तुमच्या वडिलांची गोष्टही खरी. दोन्हींचं मूळ एकच : पोर्तुगाल युद्धात तटस्थ होतं, त्यामुळे गोवाही तटस्थ.

लिस्बनजवळ समुद्रकाठी एस्टोरिल म्हणून गाव आहे. तिथलं हॉटेल पलासिओ १९३० मध्ये उघडलं. समोर बाग, बागेपलीकडे कसिनो. युद्ध पेटल्यावर युरोपातून पळालेले राजे, सावकार, ज्यू निर्वासित, अमेरिकेच्या विमानाची वाट बघणारे, सगळे इथे जमले. ब्रिटिशांचे लोक पलासिओत उतरायचे. जर्मनांची पसंती जवळच्याच दुसऱ्या हॉटेलांना. संध्याकाळी कसिनोच्या टेबलावर सगळे एकत्र. युगोस्लाव्ह दुश्को पोपोव्ह इथलाच. जर्मनांचा हेर म्हणून पगार घ्यायचा आणि काम ब्रिटिशांचं करायचा. १९४१ च्या मे महिन्यात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तचर खात्यातला इयान फ्लेमिंग नावाचा अधिकारीही पलासिओत उतरला होता. पुढे जेम्स बाँड लिहिणारा तोच.

फ्लेमिंग तिथे होता हे आपण इतक्या खात्रीने सांगतो ते कशावरून? त्याने भरलेल्या फॉर्मवरून. पोर्तुगालमध्ये प्रत्येक परदेशी पाहुण्याचा एक छापील कागद हॉटेलने भरून घ्यायचा आणि पोलिसांकडे द्यायचा. नाव, देश, पासपोर्ट, धंदा, कुठून आला, कुठे जाणार. एस्टोरिल ज्या नगरपालिकेत येतं त्या कास्कैशच्या दप्तरात हे कागद जपून ठेवलेले आहेत. राजा असो की हेर, सगळ्यांना तोच कागद. एवढे चतुर लोक, सांकेतिक नावं, अदृश्य शाई, आणि इतिहासाला सापडले ते रिसेप्शनवरच्या पोऱ्याने पुढे सरकवलेल्या कागदात! हे वाचलं तेव्हा मला आमच्या धंद्याचा अभिमान वाटला.

ते कागद वाचणारी, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारची पोलीस संघटना १९४५ मध्ये नाव बदलून पिडे झाली. गोव्याच्या माणसाला ते नाव मी समजावून सांगायला नको.

आता तुमच्या वडिलांचं. युद्ध सुरू झाल्यावर तीन जर्मन आणि एक इटालियन व्यापारी जहाज मुरगाव बंदरात आसऱ्याला येऊन बसलं होतं. त्यांतल्या 'एहरेनफेल्स' जहाजावर छुपा ट्रान्समीटर असून अरबी समुद्रातल्या ब्रिटिश जहाजांची खबर त्यावरून पाणबुड्यांना जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. उघड हल्ला करायचा तर पोर्तुगालची तटस्थता मोडते. म्हणून कोलकात्याच्या लाइट हॉर्स या हौशी घोडदळातले, वयाने पिकलेले व्यापारी आणि अधिकारी गोळा केले आणि 'फीबी' नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जवरून मुरगावला धाडले. ९ मार्च १९४३ ची रात्र निवडली. ती कार्निव्हलची शेवटची रात्र होती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच. हल्ला होताच जर्मनांनी आपली जहाजं स्वतःच पेटवून बुडवली. ब्रिटिशांचं काम झालं. पुढची पस्तीसेक वर्षं त्यांनी यावर मौन पाळलं.

आणि यातही एक हॉटेल आहेच. ही मोहीम ज्या ब्रिटिश संघटनेने आखली, त्या एसओईचा जन्म १९४० मध्ये लंडनच्या कॅक्स्टन स्ट्रीटवरच्या सेंट अर्मिन्स हॉटेलातल्या काही खोल्यांत झाला. हेरखात्याचं मुख्यालय तिथून चालत पाच मिनिटांवर. वरचे मजले त्यांनी आधीपासूनच घेतलेले. किम फिल्बीची हेरखात्यासाठी पहिली मुलाखत याच हॉटेलात झाली. तो तेव्हा सहा वर्षं सोव्हिएतांचा माणूस होता. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्याला पसंत केलं.

प्रश्न : हेरांना हॉटेलच का लागतं? भाड्याने खोली घेऊन गुपचूप राहता येत नाही? (विद्यार्थी, कोल्हापूर)

बाळा, भाड्याच्या खोलीत राहून बघ. मालकीण तिसऱ्या दिवशी विचारते, गाव कुठलं, लग्न झालं का, रात्री कोण आलं होतं. हॉटेलात अनोळखी माणूस हीच रीत. रात्री दोनला आला तरी सलाम, पहाटे चारला निघाला तरी सलाम. कोणी कोणाला लॉबीत भेटलं तर बघणाऱ्याला त्यात काही वावगं दिसत नाही. बॅग इथे ठेवली, दुसऱ्याने उचलली, कोण लक्ष देतो?

बॅगेवरून आठवलं. इस्तंबूलचं पेरा पॅलेस हे ओरिएंट एक्सप्रेसच्या प्रवाशांसाठी बांधलेलं जुनं, देखणं हॉटेल. १९४१ च्या मार्चमध्ये बल्गेरिया हिटलरच्या बाजूला गेला तेव्हा तिथला ब्रिटिश राजदूत रेंडेल आपला सगळा गोतावळा घेऊन रेल्वेने इस्तंबूलला आला आणि पेरा पॅलेसमध्ये उतरला. मंडळी वर खोल्यांकडे गेली, सामानाचा ढीग खाली लॉबीत. त्या ढिगात, निघताना कोणीतरी घुसडलेली एक पेटी होती. तिच्यात बाँब. राजदूत वाचला. खाली जे उभे होते त्यांतले काही गेले.

ग्रुप आला की बेल कॅप्टन प्रत्येक नग मोजून, पाहुण्याकडून 'हे माझं' असं वदवून घेतल्याशिवाय सामान हलवत नाही. पाहुणे वैतागतात. वैतागू देत.

प्रश्न : खरं सांगा, तुम्ही मुंबईत असताना कोणावर नजर ठेवलीत का? (नाव छापू नये, पुणे)

नाव छापत नाही. खरंही सांगतो.

आपल्याकडे परदेशी पाहुणा उतरला की एक फॉर्म, आमच्या काळचा 'सी फॉर्म', भरावा लागतो आणि चोवीस तासांत पोलिसांकडे द्यावा लागतो. आता तो संगणकावरून जातो. माझ्या उमेदीत कार्बन घालून भरायचो, आणि पोऱ्या सकाळी गठ्ठा घेऊन जायचा. तो कायदा आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि एस्टोरिलच्या कागदाहून तो फार वेगळाही नाही.

शिवाय साध्या कपड्यातले एक साहेब अधूनमधून यायचे. कुठल्या खात्याचे ते त्यांनी एकदाच सांगितलं, मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मॅनेजरच्या केबिनमध्ये बसायचे, अरायव्हलची यादी बघायचे. कधी एखाद्या नावावर पेन्सिल टेकवून 'हे किती दिवस आहेत?' एवढं विचारायचे. मी सांगायचो. पाहुणा कोणाला भेटला, फोन कुठे लावला, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. ऑपरेटरला विचारलं असेल तर ते तिने मला सांगितलं नाही. आणि तिने सांगायलाही नको होतं, चांगली ऑपरेटर होती.

माझ्या जागी तालिनचा रिसेप्शनिस्ट असता तर त्याला 'नाही' म्हणता आलं नसतं. मला आलं असतं का? कायद्याने कदाचित. मॅनेजर समोर बसलेला असताना, घरी दोन लहान मुलं असताना, नसतं म्हटलं. म्हणून विरूच्या नोकरांकडे बोट दाखवणारी पत्रं मी या वेळी बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : विरूचं संग्रहालय बघायला कसं जायचं? आणि त्या हॉटेलात राहता येतं का? (दांपत्य, ठाणे)

राहता येतं. आता ते एका फिनिश हॉटेल साखळीकडे आहे, जुन्या गावाच्या वेशीला लागून. संग्रहालय २०११ पासून खुलं आहे, पण एकट्याने आत सोडत नाहीत. गाइडबरोबरच जायचं आणि जागा आधी राखून ठेवायची, कारण खोली लहान आहे. इंग्रजी फेऱ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. गाइड हजरजबाबी असतात, त्यांना नोकरांबद्दल विचारा. यंत्रांबद्दल ते न विचारताच सांगतात.

लिफ्ट बाविसाव्या मजल्यापर्यंत नेते. शेवटचा मजला पायऱ्यांनी चढायचा. गुडघ्यांचा त्रास असेल तर हळू चढा. वर गॅलरीतून सगळं जुनं तालिन आणि समुद्र दिसतो. हवा मात्र गार असते, स्वेटर खोलीवर विसरू नका.